सेलॉर्मचा सत्कार

सत्काराची हौस कुणाला नसते, म्हणतात. सेलॉर्म आग्बेकोला नव्हती. त्याला फक्त एक कविता म्हणायची होती.

लंडनच्या एका कॅन्सर-संशोधनाच्या लॅबमध्ये आम्ही शेजारी बसायचो. घानातल्या एका कोळ्यांच्या गावातून तो स्कॉलरशिपवर आला आणि इथेच म्हातारा झाला. एवे ही त्याची मायबोली; तीत त्याचे दोन कवितासंग्रह होते. लॅबवाले म्हणत, कवितांपायी संशोधनात मागे पडला. प्रमोशन कायम दुसऱ्याला. कवी म्हणत, डॉक्टरसाहेबांचा छंद आहे. एक ना धड भाराभर चिंध्या, असंच दोन्हीकडचे त्याला धरून चालले. माणूस दोन्हीकडे अस्सल होता.

आई गेली तेव्हा प्रयोग अर्ध्यावर होता, रजा मिळाली नाही. त्याच्या घरची रीत अशी, की आईसाठी रचलेला विलाप मुलाने चारचौघांत मोठ्याने म्हणायचा. त्याने तो लिहिला; म्हटला मात्र कुठेच नाही. मग २००६ साली आवाज बसला. घशाचा कॅन्सर. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढणार होते.

"वरदा, तुझे लोक रविवारी खरंच कविता ऐकायला जमतात?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

मी लंडनच्या पिनर भागातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कविसंमेलनात त्याचं नाव घातलं. अध्यक्ष श्रीकांतना स्वच्छ सांगितलं, मंगळवारी ऑपरेशन आहे, त्यानंतर आवाज नाही. मराठी अनुवाद मी वाचणार होते.

रविवारी श्रीकांतनी माइक धरला. "फ्रेंड्स, इट्स अ ग्रेट ऑनर! एवढे मोठे सायंटिस्ट आपल्यात आलेत!" शाल, श्रीफळ, फोटो, श्रीकांतचं भाषण, आभाराचं वेगळं भाषण. मग त्यांच्या मेव्हण्याच्या कविता, संपता संपेनात. सेलॉर्म नारळ मांडीवर घेऊन बसून राहिला. शेवटी मी उठले.

"अहो वरदा, केअरटेकर हॉल लॉक करायला उभाय, वडे गार होतायत. नेक्स्ट इयर डेफिनेटली!" श्रीकांत म्हणाले.

वड्यांच्या रांगेत मात्र सगळ्यांना सेलॉर्म हवा होता. कुणाची शुगर, कुणाचं कोलेस्टेरॉल. तो प्रत्येकाला नीट उत्तर देत होता. उरलासुरला आवाज आमच्या लोकांच्या डायबेटीसवर खर्ची पडला. मला लाज वाटली, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"गाडीत म्हण, मी ऐकते," मी म्हणाले.

"एकीपुढे म्हटला तर तो विलाप होत नाही," तो म्हणाला.

मंगळवारी आवाज गेला.

पुढच्या वर्षी श्रीकांतचा फोन. "तुमच्या डॉक्टरांना या वेळी फुल टाइम देऊ या. ओन्ली पोएट्री!"

"त्यांना बोलता येत नाही. सांगितलं होतं तुम्हाला."

"अरेरे," श्रीकांत हळहळले. "मग सत्कार तरी करू या!"

मी ते सेलॉर्मला सांगितलं. तो हसला. खांदे गदगदा हलले, डोळ्यांत पाणी आलं, आवाज काही आला नाही.