हीटरच्या दोन नळ्या

बॉनेट उघडलं की बाळारामदादा आधी इंजिनावर तळहात ठेवायचा आणि डोळे मिटायचा. पोराच्या कपाळावर हात ठेवून ताप बघावा तसा. मीटरवर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. "काटा कंपनीचा हाय, हात माझा हाय," म्हणायचा. शेलार गावाहून सायकलवर यायचा आणि भिवंडीच्या नारपोलीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर लोकांच्या गाड्यांना हात लावत बसायचा. तोंडानं फटकळ, पण त्याच्या हाताखालून गेलेली गाडी वाटेत कधी रुसली नाही.

त्र्याहत्तर साल असावं. मी एका पॉवरलूम मालकाच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. गाडी जुनी, विलायती, हीटरवाली. मालकीणबाईंना दमा, आणि थंडीत त्यांना नाशिकला माहेरी न्यायचं म्हणजे हीटर हवाच. त्या वर्षी तो नुसती गार हवा फेकू लागला. दादा आधी खो खो हसला. भिवंडीत हीटर दुरुस्त करायला आलेला मीच पहिला शहाणा, असं त्याचं म्हणणं.

मग त्यानं मला समजावलं. इंजिनाचं गरम पाणी एका नळीनं डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये जातं, दुसरीनं परत येतं. एक नळी गरम आणि एक गार, तर रेडिएटर तुंबला. दोन्ही गार, तर थर्मोस्टॅट, म्हणजे तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, बिघडला, पाणी तापतच नाही. त्यानं दोन्ही नळ्या मुठीत धरल्या, डोळे मिटले आणि निकाल दिला, "दोन्ही गार." मुंबईच्या जुन्या बाजारातून थर्मोस्टॅट आणला, बसवला. हवा गारच. दादानं पुन्हा नळ्या धरल्या. पुन्हा दोन्ही गार.

गंमत म्हणून मी वरच्या नळीला बोट लावलं आणि चटका बसून हात मागे घेतला. दादा मात्र तीच नळी मुठीत धरून उभा होता. मी त्याचा हात ओढून उलटा केला. तळव्यावर टरारून फोड आला होता.

दोन वर्षं त्याचे हात बधिर होत होते. पेट्रोलनं होतं, सगळ्या मेकॅनिकांचं होतं, असं तो धरून चालला होता. मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर नीट बोलले. महारोग आहे, गोळ्यांनी थांबेल, घाबरायचं कारण नाही; पण हाताची गेलेली जाणीव आता परत येणार नाही. दादानं रोगाविषयी एक अक्षर विचारलं नाही. "जाणीव न्हाय येनार?" एवढंच दोनदा विचारलं.

मी घरी बायकोजवळ बोललो. बोलायला नको होतं. आठवड्याभरात शेडसमोर गाडी थांबेनाशी झाली. मालकांनीही गाडी दुसरीकडे न्यायला सांगितलं. मी ती तरीही दादाकडेच नेली, कारण तोंड दाखवायला दुसरं निमित्त नव्हतं. रागावेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "नळ्या तू धर. मला सांग."

मी सांगितलं, वरची गरम, खालची गार. त्यानं दोन्ही नळ्या सोडवल्या आणि परतीच्या बाजूनं जोरात पाणी सोडून तो छोटा रेडिएटर धुतला. तांबडा गाळ कितीतरी वेळ येत राहिला. पुन्हा जोडताना त्याच्या हातून पाना तीनदा पडला. मी उचलून देत होतो, तो माझ्याकडे बघत नव्हता. त्या शेडमध्ये आलेली ती शेवटची गाडी.

इंजिन तापल्यावर त्यानं पंखा सुरू केला, आत वाकून डॅशबोर्डखाली तळहात धरला आणि डोळे मिटले. माझ्या पायांवर चांगली ऊब येत होती.

"दामू," डोळे न उघडताच तो म्हणाला, "आली का रं?"

"आली, दादा."

"किती?"

मी त्याच्या तळहाताशेजारी माझा तळहात धरला आणि डोळे मिटले.