सारखे बांधलेले पुडे

ऐंशीच्या दशकात मी चामोर्शीच्या शाळेत शिकवत होते आणि नागपूरहून जर्मन भाषेत एम.ए. करत होते. प्रबंध होता मध्ययुगाच्या अखेरीस चार शहरांच्या दफ्तरांत लिहिल्या गेलेल्या जर्मनवर. तेव्हा सगळ्यांची एक लेखी भाषा नव्हती. कारकून आपापल्या भागाच्या बोलीच्या वळणाने लिहीत. नागपूरच्या ग्रंथालयात बसून मी वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवली होती. प्रत्येक शहराचा गठ्ठा वेगळा, नाव फक्त वरच्या चिठ्ठीवर. बाहेरून मागवलेली पुस्तकं परतही गेली होती.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी घरी आले, तर टेबलावरचे गठ्ठे अगदी एकसारखे.

घरमालकीण मावशी दर उन्हाळ्यात जंगलातून विडीसाठीची तेंदूपानं आणत, मोजून सारखे पुडे बांधत आणि ते तपासून घेणाऱ्या मुनशीला देत.

"बाई, तुमचे पुडे लहानमोठे होते. सारखे करून देल्ले. तसे पुडे मुनशी घेते का?"

"मावशी, सगळं एकत्र झालं हो!"

"काऊन घाबरून राह्यल्या? एकबी पान हरपलं नाई."

परीक्षक कुठलीही चिठ्ठी उचलून शहर विचारणार होते. नापास झाले असते तर कॉलेजातली ठरलेली नोकरी गेली असती.

पंखा बंद केला, चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या. 'मी'साठी 'इक', 'ते'साठी 'दात': ल्यूबेक. 'दात' आहे, पण 'इख': कोलोन. 'दास', आणि घराला 'हाउस': न्यूरेंबर्ग. 'दास', पण घराला 'हूस': बाझेल.

"चहा ठेवू का?" दाराबाहेरून मावशी.

"दार उघडू नका!" मी ओरडलेच.

काही चिठ्ठ्यांत यातलं काहीच नव्हतं. त्यांचा बिननावाचा गठ्ठा बांधला. सकाळच्या बसमध्ये पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही, डबाही उघडला नाही.

परीक्षकांनी नेमकी त्याच गठ्ठ्यातली चिठ्ठी काढली.

"सर, एवढ्यावरून शहर नाही सांगता येणार."

त्यांनी चष्मा वर केला, चिठ्ठी खिडकीकडे धरली.

"मलाही नाही," म्हणाले, आणि इतर गठ्ठ्यांकडे हात नेला. त्यांतून काढलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांची शहरं मी कारणासकट सांगितली.

परतले तेव्हा मावशी अंगणातच उभ्या होत्या.

"घेतले का मुनशीनं पुडे?"

"घेतले, मावशी."