गिरजाबाईंची सही

अठ्ठावीस वर्षं मी पोलिसात लिहिण्याचंच काम केलं. पंचनामे, जबाब, जप्त्या. माझं अक्षर मोत्यासारखं असं साहेब म्हणायचे आणि मीही तो तोरा मिरवायचो. माझ्या लिहिण्यात खोट काढणाऱ्या एकच बाई भेटल्या, आणि त्यांना वाचता येत नव्हतं.

गिरजाबाई रामटेके. ब्रह्मपुरीकडच्या एका गावात शाळेची खिचडी शिजवायच्या. साठीच्या, चिवट, आवाज खणखणीत. त्या शाळेतली तिसरीतली एक मुलगी एके दिवशी घरी पोचलीच नाही. दुसऱ्या दिवशी नाल्याजवळ तिचा देह सापडला. तिच्यावर काय गुदरलं ते मी सरकारी कागदावर लिहिलं आहे, इथे लिहिणार नाही.

चौथ्या दिवशी गावातलाच एक ट्रॅक्टरवाला पकडला गेला. मुलीचं दप्तर कुठे लपवलं ते दाखवतो म्हणाला. अशा वेळी दोन पंच लागतात, म्हणजे सारं डोळ्यांनी बघून सही करणारी तिऱ्हाईत माणसं. ट्रॅक्टरवाल्याच्या घराचा दबदबा मोठा, त्यामुळे कुणी दार उघडेना. शेवटी गुणवंतराव नावाचे एक गृहस्थ कसेबसे तयार झाले. गिरजाबाई मात्र न बोलावता आल्या.

जंगलात आरोपीनं एका झाडाच्या ढोलीत हात घालून दप्तर काढलं. मी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला. गुणवंतरावांनी न बघताच सही ठोकली.

"वाचून दाखवा भाऊ," गिरजाबाई म्हणाल्या.

वाचला. "अजून एक डाव." पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्यांनी मला अडवलं. "मोह काऊन लिहिलं? हा येन हाये. साल तर पाहा."

येन म्हणजे ऐनाचं झाड. मी सोलापूरकडचा. आठ वर्षं इथे काढूनही मला प्रत्येक थोराड झाड मोहाचंच वाटायचं. "बाई, फाशी झाडाला द्यायची नाहीये," मी खेकसलो.

"खोट्यावर मी सही करत नाई."

मी चरफडत 'मोह' खोडलं आणि वर 'येन' लिहिलं. त्या खाडाखोडीशेजारी त्यांनी सही केली आणि मग खालीही केली. एकेक अक्षर जीभ दातात धरून, विहिरीतून पाणी काढावं तसं सावकाश. "लवकर करा, ऊन चढतंय," मी दोनदा म्हणालो. त्यांनी मान वर केली नाही.

ती खाडाखोड मला खुपत राहिली. संध्याकाळी ठाण्यात मी स्वच्छ प्रत लिहिली आणि दुसऱ्या दिवशी सहीसाठी शाळेत नेली. त्या पातेलं घासत होत्या. म्हणाल्या, "जे पाहलं त्याच्यावर तिथीच सही केली. आता इथी काय पाहू?" हात हलवत परत आलो. पहिलाच कागद फायलीत गेला.

दोन वर्षांनी चंद्रपूरला खटला उभा राहिला. तोवर मी पोलिसांतर्फे कोर्टाचं काम बघत होतो. पिंजऱ्यात उभे राहताच गुणवंतराव फितूर झाले. "जंगलात गेलोच नाही, सही ठाण्यात केली," म्हणाले. दप्तराचा पुरावा आता एकट्या गिरजाबाईंवर लटकला होता, आणि मधल्या काळात त्यांचं खिचडीचं कामही कुणीतरी काढून घेतलं होतं. तरी त्या पहिल्या एसटीनं आल्या.

आरोपीचे वकील म्हणाले, "बाई, तुम्हाला वाचता येतं?"

"नाई."

"मग कागदात काय आहे ते तुम्हाला काय ठाऊक?"

"वाचता येत नाई म्हणूनच तीनदा आयकलं." आणि त्यांनी सुरुवात केली. तारीख, वेळ, नाला, ढोली, निळं दप्तर, एक पट्टा तुटलेला, आत दोन वह्या आणि डबा. माझी वाक्यं, माझ्याच क्रमानं, दोन वर्षांनंतर! मी पंचनाम्याच्या नकलेवरून बोट फिरवत होतो. एक शब्द निसटला नाही. टायपिस्टचे हात थांबले होते. ते लिहिणारा मी, पण मला त्यातल्या दोन ओळी सांगता आल्या नसत्या.

"पोलिसांनी पाठ करून घेतलंय," वकील म्हणाले.

"पोलिसाले झाड ओळखता येत नाई, ते मले काय पाठ करून देतीन? त्यायनं मोह लिहिलं होतं. मी खोडायले लावलं. पाहा, बाजूले माझी सही हाये."

न्यायाधीशांनी कागद जवळ ओढून ती खाडाखोड पाहिली. मग म्हणाले, "ठाण्यात बसून झाडाचं नाव कोण कशाला दुरुस्त करील?"

वकील खाली बसले. पुढे आरोपीला मरेपर्यंत जन्मठेप झाली. निकालपत्रात माझ्या मोत्यासारख्या अक्षराबद्दल अवाक्षर नव्हतं, त्या खाडाखोडीवर मात्र अख्खा परिच्छेद होता.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर चहा घेताना मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी सहीसाठी मी फार घाई केली. माफ करा."

"तुमचं काय चुकलं? सही शिकून तवा मले तीनच महिने झाले होते."

"कुणी शिकवली?"

त्यांनी कप खाली ठेवला. "त्या पोरीनंच. खिचडी खाल्ली का कोळशानं भिंतीवर काढून दाखवे. म्हणे, आजी, घाई नको करू, अक्षर मोडते."