यादीतला हिरवा घुमट

"हरा गुंबद कहाँ है?" ग्वाल्हेरहून तपासणीला आलेल्या गुप्ताजींनी विचारलं. मी वर बोट दाखवलं. त्यांनी वर पाहिलं, मग हातातल्या मालमत्तेच्या यादीत पाहिलं. "ये तो लाल है."

घुमट तांब्याचा, इंदुरातल्या एका जुन्या कोठीवरचा. संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि कोठी आमच्या बांधकाम खात्याकडे आली. मी तिथे टेंपररी क्लार्क. सकाळी सायन्सचे वर्ग, दुपारी साइट. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नोकरी गेली असती तर कॉलेजही सुटलं असतं.

तांबं वर्षानुवर्षं उन्हापावसात राहिलं की त्यावर हिरवा थर चढतो. पुस्तकात त्याला पॅटिना म्हणतात. छपरावर असला की तो आतल्या धातूला जपतो. तपासणीआधी घुमट घासायचं निघालं, तेव्हाच हे मी आमच्या ओव्हरसिअर जोशीसाहेबांना सांगितलं होतं. जरा अडखळत सांगितलं, पण सांगितलं.

"भिया, तुझ्या घरी पूजेचा तांब्या हिरवा ठेवतात काय?" ते म्हणाले.

ठेवत नव्हते. आई रोज चिंचेने घासायची. मग चार बायका आल्या, दोन टोपल्या चिंच आली, मीठ आणि राख आली. तीन दिवस कोठीला चटणीचा वास येत होता. घुमट असा झळकला की समोरच्या घराने दुपारी खिडक्या लावून घेतल्या. कामाच्या डायरीत 'घुमट साफ केला' असं लिहून सही मीच केली.

त्या सहीमुळे गुप्ताजी आता लिहीत होते: हिरवा घुमट, गहाळ. लाल घुमट, एक, जास्तीचा. जबाबदार म्हणून माझं नाव.

यादीच दुरुस्त करा, अशी जोशीसाहेबांनी विनंती केली. गुप्ताजींनी शांतपणे समजावलं की यादी दरबारच्या कचेरीने केलेली आहे, दुरुस्तीही तीच करू शकते, आणि ती कचेरी विलीनीकरणात बंद झाली आहे.

म्हणजे बदलता येण्यासारखा फक्त घुमट उरला.

"तू सायन्सवाला ना?" साहेब मला म्हणाले. "परत हिरवा कधी होईल?"

"वीसेक वर्षं लागतील, साहेब."

"गुरुवार को मेरी गाड़ी है," गुप्ताजी म्हणाले.

बुधवारी आम्ही खिडक्यांना लावतात तो हिरवा ऑइलपेंट घुमटाला मारला. गुरुवारी गुप्ताजी स्वतः शिडी चढले. घुमटाला बोट लावलं. बोट हिरवं झालं. तेच बोट यादीवर टेकवून त्यांनी खूण केली आणि माझं नाव खोडलं. "मिल गया," ते म्हणाले.

नोकरी राहिली, कॉलेजही राहिलं. पण गुळगुळीत तांब्यावर ऑइलपेंट टिकत नाही. दर पावसाळ्यानंतर पोपडे निघतात, आणि खाली तांबं आपलं आपण थोडं थोडं हिरवं होऊ लागलेलं दिसतं. ते आधी चिंचेने घासून काढ, असं साहेब सांगतात, नाहीतर हिरवा रंग नीट बसत नाही. मी घासून घेतो. फक्त आता शिडी लावण्याआधी यादी वाचतो.