कुसुमकाकू आणि बॉक्सिंगची शेड

कुसुमकाकू गेल्याचं किरणने, माझ्या नवऱ्याने, फोनवर सांगितलं तेव्हा मी माहेरी, मुरबाडच्या बाजारात मेथी घेत होते. जुडी तिथेच टाकून शहापूरची एसटी धरली... महिना होत आला, अजून घरात मेथी आणवत नाही.

शहापूरला एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या शेडमध्ये काकूंचे यजमान पोरांना बॉक्सिंग शिकवतात. सगळे त्यांना सर म्हणतात. नाव सरांचं झालं, पण घामेजलेल्या पोरांना अंडी-भाकरी घालणं, सुजलेल्या भुवयांवर बर्फ धरणं आणि सरांच्या रागाला आवर घालणं, हे सगळं काकूंचं. त्यांना स्वतःला हा खेळ मुळीच आवडत नसे. "येकमेकांची थोबाडं फोडायची नि वर गळ्यात पडायचं, ह्यो कसला खेळ?" असं त्या सरांसमोरच म्हणायच्या. त्यांचा जीव अडकला होता टोकावड्यात, माहेरी. तिथे रस्त्याला लागून छोटी खानावळ टाकायची, हे त्यांचं जुनं स्वप्न. एक पोरगा राज्य स्पर्धेत उतरू दे, मग शेडला कुलूप लावून टोकावड्याला जाऊ, असा सरांनी त्यांना शब्द दिला होता. तो पोरगा म्हणजे किरण.

आणि किरणच्या वाटेत मी आले! आमचं जमलं तेव्हा मी सरळ अट घातली, लग्न हवं असेल तर मारामारी बंद. तो बिचारा शेडवर जायचा थांबला. सर इतके दुखावले की आता शेडच बंद करतो म्हणाले. एका सकाळी काकू एकट्याच मुरबाडला आमच्या दारात उभ्या. मला वाटलं, आता आपली खरडपट्टी निघणार.

"त्याला सोड म्हनायला नाय आले गो," त्या म्हणाल्या. "लगीन करा, खुशाल करा. पन त्याचा खेळ सोडवू नको. मी बी लग्नानंतर ह्यांचा सोडवला व्हता. रोज टायमावर घरी यायचे, पन ताटावर बसून येक शब्द बोलायचे नाय. शेवटी मीच गिरनीवाल्याकडून ती शेड मागून आनली."

"पण काकू, शेड बंद झाली तर तुम्हाला टोकावड्याला जाता येईल की!"

"येईल. पन तिथं बसून ह्यांचं तसलं तोंड बघू?"

मी माझी अट मागे घेतली. किरण परत गेला. आमचं लग्न झालं, तो राज्य स्पर्धेत उतरला आणि उपांत्य फेरीत सपाटून हरला. सरांनी ताट बाजूला सारलं. काकू म्हणाल्या, "जेवून घ्या, उद्या पोरं येतील." कुलपाचं नाव त्यांनी पुन्हा कधीच काढलं नाही. मला हे जमलं नसतं.

गेल्या आठवड्यात सर पिशवीत कपडे भरून एकटेच टोकावड्याला गेले. आम्हाला वाटलं, आता तिथेच राहणार. संध्याकाळच्या एसटीने परत आले. "तिथं ती नाय गो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या सकाळी मी शेडमध्ये चहा घेऊन गेले. तिथे घंटा कधी नव्हतीच. फेरी संपली की काकू चुलीपाशी बसल्या बसल्या उलथन्याने पालथी परात वाजवायच्या. हल्ली पोरांनी मोबाइलचा गजर लावला होता. सरांनी तो बंद केला, काकूंच्या पाटावर बसले आणि परात पुढे ओढली. फेरीची वेळ झाली, टळून गेली... उलथनं सरांच्या हातातच राहिलं. पोरं धापा टाकत खेळत राहिली, एकही थांबलं नाही.