बेलभंडार उचलून घेतलेली खोली

मला कागदाची भीती वाटते. आजही वाटते. धरण झालं तेव्हा माझ्या बापानं कुठल्याशा कागदावर अंगठा केला आणि आमची चांगली जमीन पाण्याखाली गेली. मुळशीत उतारावरचं एक भातखाचर तेवढं उरलं. ते थोरल्या भावात आणि माझ्यात सामाईक. मी पुण्यात भुसार बाजारात हमाली करायचो आणि बायकोला घेऊन पत्र्याच्या खोपटात राहायचो. ती गेल्या माघात गेली. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून लिहितोय.

पेठेतल्या एका मास्तरांनी घरांची सोसायटी काढली. खाली दुकानं, वर पुढच्या अंगाला कारकुनांना दोन-दोन खोल्या, मागं आमच्यासारख्यांना एकेक. बांधायला सरकारचं कर्ज मिळणार होतं, पण आधी प्रत्येकानं आपापला हिस्सा भरायचा. दुकानदार जास्त भरणार, म्हणून मागच्या खोल्या आम्हाला झेपणार. कुणाचा हिस्सा अडला तर कर्जही अडणार.

माझ्याकडं खाचर सोडून काही नव्हतं. ते बँकेत तारण ठेवायचं म्हटल्यावर मला बापाचा अंगठा आठवला. बायको म्हणाली, "पत्र्याखाली म्हातारं व्हायचंय का? चला गावाला."

भाऊ सहीला तयार झाला, पण म्हणाला, "तू पैसा उचलशील, आन् मन फिरलं की दुसरीकडं घालशील. देवळात चल. बेलभंडार उचल, की खोली झाल्याबिगर मागं सरणार न्हाई." आमच्या खोऱ्यातले बाकीचे हमालही जमिनी गहाण ठेवत होते. त्यांच्या भावकीनंही तेच धरलं. खंडोबासमोर बेल आणि भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द आमच्याकडं मोडत नाहीत. सगळे एकाच दिवशी देवळात उभे राहिलो. माझा हात इतका कापत होता की बेलाचं पान खाली पडलं. बायकोनं ते उचललं, वर भंडारा घेतला आणि माझ्या वाटचं तीच बोलली.

भाऊ म्हणाला, "चालंल. तुझ्यापरीस हिचाच भरवसा हाय."

पुढं कोपऱ्यावरचं मोठं दुकान घेणारा वाणी फिरला. हमालांच्या जिन्याखाली त्याला धंदा करायचा नव्हता. मास्तरांनी सभा बोलावली. म्हणाले, "दुसरा दुकानदार मिळेपर्यंत कर्ज नाही. मिळेल की नाही, सांगता येत नाही. ज्यांना जायचं त्यांनी आज हिस्सा परत घ्या. उद्या जागेच्या मालकाला दिला की परत मिळायचा नाही."

दोन कारकून उठले. मीही उठलो. पैसे घ्यायचे, बँकेत भरायचे, खाचर मोकळं. डोक्यात दुसरं काही नव्हतं. बायकोनं धोतर धरून खाली ओढलं.

"बसा."

"अगं, खाचर जाईल."

"जाईल तवा जाईल. देवाला काय सांगू, वाणी पळाला म्हणून आमीबी पळालो?"

मास्तर म्हणाले, "बाई, सोसायटीनं काही शपथ घ्यायला सांगितलं नव्हतं."

"तुमी न्हाई सांगितलं. माझ्या थोरल्या दिरानं सांगितलं. त्यास्नी तुमी समजवा."

मागच्या खोल्या घेणारं दुसरं एकही बिऱ्हाड उठलं नाही. शूर कुणी नव्हतं. बँकेपेक्षा खंडोबाचं भय मोठं, एवढंच. एक कारकून म्हणाला, "मग मास्तर, देवालाच चेअरमन करा." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

पुढचे महिने वाईट गेले. खाकी कपड्यातला माणूस दिसला की बँकेचा शिपाई वाटायचा. पाठीवर पोतं असताना गावात खाचराच्या लिलावाची दवंडी चाललीय असं कानात यायचं. जेवण उतरायचं नाही. बायको ताट सरकवून म्हणायची, "खाचर गेलं तर गेलं, तुमी जाऊ नगा."

मग मास्तर एका पिठाच्या गिरणीवाल्याला घेऊन खोपटावर आले. त्याला दुकान हवं होतं, पण कायमचं गिऱ्हाईक आहे का, हे बघायचं होतं. मास्तरांनी त्याला देवळातलं सांगितलं होतं. त्यानं बायकोलाच विचारलं, "मधेच निघून जाणार नाही ना, बाई?"

"कशी जाणार? आमी खोली घ्यायची, न्हाईतर देवाचा कोप. तुमी दळण नीट देणार का, ते सांगा."

तो हसला आणि आठवड्यात हिस्सा भरून गेला. कारकुनांच्या जागी दुसरे आले. कर्ज सुटलं, इमारत उभी राहिली.

माझी भीती मात्र उभ्या इमारतीतही गेली नाही. दर हप्त्याला तीच धास्ती. खाली गिरणी सुरू झाली की फरशी थरथरायची आणि मी भिंतीला हात लावून बघायचो. अशी बरीच वर्षं गेली. मग भाऊ गावाहून सातबारा घेऊन आला. बँकेचा बोजा उतरला होता. मी त्याला तो पुन्हा पुन्हा वाचायला लावला.

बायको भाकरी थापत होती. मी म्हणालो, "सुटलं खाचर. तुला कधी भ्या वाटलं न्हाई का गं?"

"लई वाटलं," ती म्हणाली. "देवळात तुमचं पान पडलं तवा माझाबी हात कापत हुता. पर दोघंबी भीत बसलो असतो, तर चूल कुणी पेटवायची?"

तेवढं बोलून तिनं भाकरी उलटली.