अंड्यांच्या कप्प्यातली चावी

दुपारचे दोन वाजले की कुंदाताईचा हात अजून फ्रीजच्या बटणाकडे जातो. मग तिला आठवतं, आता घरात रेकॉर्डिंग करणारं कोण आहे.

विद्याधर तिचा धाकटा भाऊ. सगळे विदूच म्हणायचे. ताईचा नवरा गेल्यापासून दोघं जोगेश्वरीला चौथ्या माळ्यावर एकत्र राहायची. विदूनं लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "माइकला बायको चालत नाय, बांगड्या वाजतात." शाळा नववीपर्यंत. गोरेगावला शूटिंगमध्ये साउंडवाल्यांच्या मागं वीस वर्षं वायरी ओढल्या आणि बघून बघून सगळं शिकला. मग आतल्या खोलीतच स्टुडिओ केला. स्टुडिओ म्हणजे काय, एक कॉम्प्युटर, एक माइक आणि कपड्यांच्या दोरीवर टांगलेल्या चार गोधड्या. आईच्या, म्हणजे जानकीच्या लुगड्यांच्या. दुपारचं ऊन त्या गोधड्यांतनं गाळून यायचं, सगळी खोली हळदीच्या रंगाची व्हायची, आणि आत बसलं की गावच्या माजघरात बसल्यासारखं वाटायचं.

तो आधी खोलीत टाळी वाजवायचा. टाळी भिंतीवरनं परत आली की म्हणायचा, "ताय, अजून एक गोधडी दी गो." भजनाचे बुवा यायचे, त्यांना सांगायचा, माइकपासून वीतभर लांब बसा, तोंड जरा तिरकं ठेवा, सरळ गायलात तर प आणि फ फटाक्यासारखे फुटतात. दोन ते चार ही त्याची वेळ. तेव्हा पाण्याचा पंप बंद असतो, पोरं शाळेत असतात. पंखा बंद, फ्रीज बंद. एकदा फ्रीज चालू करायला विसरला आणि डझनभर बांगडे सडले. ताई दोन दिवस बोलली नाही. तेव्हापासून फ्रीज बंद केला की स्कूटरची चावी आत, अंड्यांच्या कप्प्यात. बाहेर जायला चावी लागणारच, फ्रीज उघडणारच, आठवण होणारच.

आणि गाणं झालं की एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं. "आता खोलीचो आवाज घेतंय. कोणी हलायचा नाय."

ताईनं आईच्या जात्यावरच्या ओव्या गाव्यात असं त्याच्या फार मनात होतं. ती म्हणायची, "माझा आवाज म्हणजे फाटका पत्रा." तो म्हणायचा, "पत्र्यावर पाऊस बरो वाजता." मागच्या मार्गशीर्षात एकदाची ती गायली. डोळे मिटून गायली. मग ते एक मिनिट. मग विदू छातीवर हात ठेवून म्हणाला, "गॅस झालो वाटता." रिक्षानं नेला. परत आणलाच नाही.

सुतकात घरी चूल नव्हती, शेजारून डबे येत होते, फ्रीज कोण उघडतंय. स्कूटर खाली उभी आणि चावी सगळं घर पालथं घातलं तरी मिळेना. चौथ्या दिवशी वास आला. ताईनं फ्रीज उघडला. दूध नासलेलं, कोलंबी सडलेली, आणि अंड्यांच्या कप्प्यात चावी.

आता वर्षश्राद्ध आलं. गावी सगळे जमणार, तिथं ओव्या लावायच्या असं ठरलं. थोरल्या भावाची मुलगी रुचिरा कांदिवलीहून आली, तिला विदूकाकानं थोडं मिक्सिंग शिकवलं होतं.

"आत्या, मागं सूं आवाज आहे. काढून टाकते."

"कसा काढतेस?"

"ते गप्प बसायचं मिनिट आहे ना, ते कॉम्प्युटरला ऐकवायचं. मग तो तेवढंच गाण्यातनं वजा करतो."

रुचिरानं ते मिनिट लावलं. काहीच नाही, नुसती खोली. आणि मग बारीक शिट्टी. थांबून थांबून.

"हे काय वाजतंय?"

"तुझा काका," ताई म्हणाली. "डाव्या नाकपुडीत शिट्टी वाजायची त्याच्या."

रुचिराचा हात माउसवरच राहिला. "आत्या, मग हे काढलं तर काका पण जाणार गं."

ताईनं दोरीवरची गोधडी सारखी केली. विदूला गाण्यात कचरा खपायचा नाही. शिट्टी ठेवली तर त्याच्याच कामाला बट्टा. काढली तर...

"काढ," ती म्हणाली.

रुचिरानं सगळं काढलं. ताईचा आवाज विहिरीच्या तळातनं आल्यासारखा यायला लागला.

"थांब. बुवांना सांगायचा तो, सगळं काढलं की माणूस पाण्याखाली गातो. पाऊण काढायचं, पाव ठेवायचं."

"पाव ठेवला. आता?"

"आता आवाज बारीक कर. मी स्वयंपाकघरात जाते. तिथं शब्द कळले तर बरोबर, असं म्हणायचा."

ओट्याशी उभी राहून ताई ऐकत राहिली. आईची ओवी, शब्द न् शब्द. दोन ओव्यांच्या मधे, अगदी लांब, कोणीतरी झोपलेलं असावं तशी शिट्टी. घर इतकं शांत.

"आत्या, एवढं शांत कसं गं? तू फ्रीज बंद केलायस? मिक्सला नाही लागत बंद करायला!"

ताईला कळलंच नव्हतं कधी केला ते, आणि चावी कधी आत ठेवली तेही. तिनं फ्रीज उघडला, अंड्यांच्या कप्प्यातनं चावी काढली आणि बटण दाबलं. फ्रीज घुरघुरला.

"रुचिरा, ही घे. खाली जाऊन स्कूटर चालू होते का बघ जरा. वर्ष झालं."